पगाराचा रकाना

मागच्या दिवाळीत नातीने मला सदरा घ्यायला म्हणून एका भल्यामोठ्या कपड्यांच्या दुकानात नेले. दुकान कसले, रेल्वेचे फलाटच ते! जिकडे पाहावे तिकडे दांड्यांवर टांगलेले सदरे, विजारी, झबली आणि मधल्या वाटांतून हातगाड्या ढकलीत चाललेली आपल्यासारखी माणसे. मी जुन्या सवयीने एका टेबलाजवळ जाऊन उभा राहिलो आणि वाट पाहू लागलो. पाच मिनिटे गेली, दहा गेली. कोणी "या साहेब, काय दाखवू?" म्हणेना.

"आजोबा, कुणाची वाट बघताय?" नातीने विचारले.

"दाखवणाऱ्याची."

ती हसली. "इथं कुणी दाखवत नाही. आपणच शोधायचं, आपणच घालून बघायचं आणि आपणच तिकडे जाऊन पैसे भरायचे."

म्हणजे उभी हयात ज्या धंद्याच्या मिठावर काढली, त्या धंद्याने वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी मला गुमास्ता म्हणून ठेवून घेतले होते, तेही बिनपगारी! मी मुकाट्याने सदरे उलगडू लागलो. पण हात सदऱ्यांत आणि मन मात्र दादरला, स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या एका जुन्या कापडदुकानात जाऊन पोचले.

त्या दुकानात माझे वडील अडतीस वर्षे गुमास्ते होते. १९४६ साली ते कोकणातून आले आणि तिथे चिकटले. 'गुमास्ता' हा शब्द आज कोणी माणसाला लावीत नाही, पण दुकानाच्या परवान्याला मुंबईत अजून 'गुमास्ता' म्हणतात. मालक मोठ्या ऐटीत सांगतो, "गुमास्ता काढलाय." माणूस शब्दातून निघून गेला आणि भिंतीवर चौकटीत कागद तेवढा राहिला. हा कागद ज्या कायद्याचा, तो मुळात माझ्या वडिलांसारख्यांसाठीच झाला होता. मुंबई प्रांतात १९३९ साली पहिला दुकाने व संस्था कायदा झाला आणि १९४८ साली दुसरा, अधिक कडक. दिवसाचे नऊ तास, आठवड्याचे अठ्ठेचाळीस आणि एक दिवस दुकान बंद. त्याआधी गुमास्त्याला रविवार नव्हता आणि सोमवारही नव्हता. आमच्या घरी सोमवार उगवला तो त्या कायद्याने. सोमवारी नाना घरी असत, दुपारी झोपत आणि संध्याकाळी आम्हा भावंडांना शिवाजी पार्कवर नेत. त्यामुळे माझ्या लहानपणी मला कायदा म्हणजे भेळ वाटत असे.

नाना लागले तेव्हा दुकानात पांढरीशुभ्र गादी होती. गिऱ्हाईक चपला काढून वर येई, तक्क्याला टेके, आणि गुमास्ताही समोर मांडी घालून बसे. पुढे पंचावन्न सालाच्या सुमारास शेठनी गादी काढली आणि सागवानी काउंटर घातला. दुकान नव्या वळणाचे झाले. गिऱ्हाइकाला उंच स्टुले आली. काउंटरच्या मागच्या बाजूला मात्र स्टूल ठेवायची कोणाला आठवण झाली नाही. त्या दिवसापासून नाना जे उभे राहिले ते १९८४ साली निवृत्त होईपर्यंत. रात्री घरी आले की आई घमेल्यात मीठ घातलेले कढत पाणी आणून ठेवी. नाना त्यात पाय सोडून बसत आणि त्यांच्या पोटरीवरच्या निळ्या गाठाळ शिरा पाहून मला उगीचच गावाकडच्या वडाची मुळे आठवत.

पण काउंटरमागे उभे राहिले की नाना निराळेच! ठाण असे काही उलगडत की कापड आपल्या अंगानेच धावत सुटल्यासारखे वाटे. बाई दुकानाची पायरी चढली की तिला मांजरपाट हवा की पॉपलीन, हे ते तिच्या पिशवीवरून ओळखीत. मुलाच्या खांद्यावर नुसता हात ठेवून, "ताई, सव्वादोन वार पुरे, पावणेतीन घेऊ नका," असे सांगत. शेठ गल्ल्यावरून डोळे वटारीत. पण ती ताई पुढच्या वर्षी जावेला घेऊन येई, हे शेठनाही ठाऊक होते. पुढे वार गेला आणि मीटर आला, तेव्हा नानांनी एका रात्रीत सारी कोष्टके पाठ केली. आम्हा मुलांना शाळेत तीच पाठ करायला सहामाही लागली.

१९५८ साली नानांना महिना एकशे चार रुपये मिळत. म्हणजे कामाच्या दिवसाला चार रुपये. कापड आणि शिलाई मिळून माझा दिवाळीचा सदरा दहा रुपयांना पडला होता. नानांचे अडीच दिवस त्या सदऱ्यात गेले. हा हिशेब तेव्हा मी केला नव्हता. तो करायची खोड मला पुढे लागली.

बी. कॉम. झाल्यावर १९७० साली मी त्याच दुकानात हिशेबनीस झालो. नाना काउंटरमागे उभे आणि मी आतल्या खोलीत खुर्चीवर. पहिल्या दिवशी मला ते फार लाजिरवाणे वाटले. नानांना मात्र त्याचा केवढा अभिमान! "आमच्या घरातला पहिला बसणारा माणूस," असे ते चाळीत सांगत.

बसणाऱ्या माणसाला आकडे दिसतात, उभ्या माणसाला गिऱ्हाईक दिसते, हे मी तिथे शिकलो. माझ्या वहीत खर्चाचे पाचसात रकाने होते. भाड्याचा रकाना तर लिहिताना हसू येई. मुंबईत १९४७ चा भाडेकायदा होता, जुनी भाडी गोठलेली होती आणि भर दादरमधल्या त्या जागेचे भाडे दुकानाच्या चहाच्या खर्चाच्या आसपास होते. वाढत होता तो एकच रकाना, पगाराचा. महागाई वाढली की भत्ता वाढे. मी आलो तेव्हा शंभर रुपयांच्या विक्रीत सहा रुपये पगारात जात. पुढे सात झाले, मग आठ.

हे असे का व्हावे? माणसे तीच, कामही तेच. तेच तर कारण! गिरणीत नवा माग आला की एक कामगार दुप्पट कापड काढतो. कचेरीत यंत्र आले की एक कारकून चौघांचे काम उरकतो. पण नानांसारखा गुमास्ता सेहेचाळीस साली दिवसाला तीस गिऱ्हाइके करी आणि चौऱ्याऐंशी सालीही तीसच. बाईने तीन ठाणे पाहिल्यावाचून चौथे घेऊ नये, हा नियम कोणत्या यंत्राने बदलायचा? मात्र घरभाडे, धान्य, मुलांच्या फिया ह्या जगाच्या भावाने वाढत, म्हणून त्याचा पगारही जगाबरोबर वाढवावा लागे. विल्यम बॉमोल नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६६ साली नेमके हेच मांडले, असे मला पुष्कळ पुढे कळले. त्याने उदाहरण दिले होते ते वाद्यवादकांचे. चार वादकांची रचना दोनशे वर्षांपूर्वी वाजवायला चार माणसे लागत आणि आजही चारच लागतात, पण त्यांना बिदागी आजच्या भावाने द्यावी लागते. ते वाचताना मला वादक काही दिसले नाहीत. ठाण उलगडणारे नाना दिसले.

मालकमंडळी मात्र अर्थशास्त्र न वाचताच शहाणी असतात. आमच्या दुकानात माणसे किती? एकोणीस. वीस कधीच नाहीत. वीस झाली की भविष्यनिर्वाह निधी लागू, वीस झाली की १९६५ चा बोनस कायदा लागू. विसावा माणूस हवाच असला, तर तो शेठचा 'भाचा' म्हणून येई आणि दिवाळी उरकली की भाचेपण संपे. कायद्यातला आकडा हा कुंपणासारखा असतो. मोठी जनावरे अडतात, शहाणी अलीकडेच चरतात. २०१७ साली महाराष्ट्रात दुकानांचा नवा कायदा झाला आणि दहा व त्याहून अधिक माणसे असलेल्या दुकानांनाच तो लावला, तेव्हा मी निवृत्त होऊन नऊ वर्षे झाली होती. तरीही माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की आता नऊ माणसांची दुकाने वाढणार! सवय जात नाही.

शेठ वाईट नव्हते, हे आधी सांगितले पाहिजे. कायदा नसतानाही दिवाळीला प्रत्येकाला महिन्याचा पगार बोनस म्हणून आणि वर मिठाईचा पुडा देत. पण त्यांच्याही पायाखालची जमीन हलत होती. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर आले, आणि संप मिटला असे कोणी कधी जाहीर केलेच नाही. आमची निम्मी गिऱ्हाइके परळ-लालबागची. ती यायची थांबली. फळीवर गिरणीच्या ठाणांजागी भिवंडी-इचलकरंजीचा यंत्रमागाचा माल आला. तो स्वस्त होता, कारण तिथल्या मजुराला ना भत्ता ना बोनस, वारावर मजुरी. पगाराचा रकाना पुसला जात नाही, तो दुसऱ्याच्या वहीत जातो, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

त्यामागून तयार कपडे आले. कापड घेणे, शिंप्याकडे जाणे, दिवाळीच्या आदल्या रात्रीपर्यंत "उद्या नक्की" ऐकणे, हे सारे संपले आणि शिलाईचा पगारही आमच्या गल्लीतून उठून दूर गेला. तो किती दूर गेला, ते पाहायचे असेल तर सदऱ्याच्या आतली चिठ्ठी वाचावी. २०११ साली भारताने बांगलादेशच्या सेहेचाळीस प्रकारच्या कपड्यांवरची जकात उठवली, तेव्हापासून आपल्याकडेही ढाक्याचे सदरे सर्रास दिसू लागले. तिथल्या शिलाई कामगाराचे किमान वेतन १९९४ साली महिना ९३० टका ठरले, आणि तेच २००६ पर्यंत राहिले. बारा वर्षे! मग १,६६२ झाले, २०१० साली ३,०००. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या सावर येथे राणा प्लाझा ही आठमजली इमारत कोसळली आणि १,१३४ माणसे गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालच्या मजल्यावरची बँक बंद ठेवली गेली, शिलाईवाल्यांना मात्र कामावर बोलावले होते. त्या वर्षाअखेर वेतन ५,३०० झाले, २०१८ साली ८,००० आणि २०२३ साली १२,५००. ह्या आकड्यांची चढण वहीत चांगली दिसते. तिची एक पायरी कशाची बनलेली आहे, ते वहीत दिसत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे सारे सांगायला बसलो, तिच्याकडे येतो. इतका वेळ टाळीत होतो.

१९९४ साल. शेठचा मुलगा परदेशवारी करून आला होता. अंधेरीला १९९१ पासून मोठे नव्या पद्धतीचे दुकान चालू होते, तेही तो पाहून आला होता. "काउंटर काढू. माल उघडा टांगू. गिऱ्हाईक आपल्या हाताने घेईल," तो म्हणाला. कल्पना काही नवी नव्हती. अमेरिकेत मेंफिस गावी १९१६ साली 'पिगली विगली' असे गमतीदार नाव असलेल्या वाणसामानाच्या दुकानाने ती प्रथम चालवून दाखवली होती. शेठनी मला बोलावले. "तुम्ही जरा कागद मांडा. किती माणसं लागतील ते बघू."

मी कागद मांडला. पगार तेव्हा शंभरात नऊपर्यंत गेला होता. उघड्या मांडणीत चौदा माणसे पुरतील, पाच जास्त होतील, आणि शंभरातले अडीच रुपये वाचतील. आकडे मी तीनदा तपासले. ते बरोबर होते, आजही बरोबरच आहेत. मग शेठ म्हणाले, "पाच कोण?" विक्री पाहता पगार ज्यांचा जास्त, ते पाच. यादीत तिसरे नाव दामूकाकांचे होते.

दामूकाका १९६५ साली लागले ते नानांच्या हाताखाली. ठाण कसे धरायचे ते नानांनीच त्यांना शिकवले. मी शाळकरी असताना दुकानात गेलो की ते चिंध्यांतले रंगीत तुकडे माझ्या खिशात भरीत. माझ्या लग्नात पंगतीला वाढायला तेच होते. त्यांचा पगार तेव्हा २,६०० होता. १९७२ च्या कायद्याप्रमाणे त्यांची ग्रॅच्युइटी मीच काढली. दिवसाचे शंभर, वर्षाला पंधरा दिवस, एकोणतीस वर्षे, एकूण ४३,५०० रुपये. छाटणीची भरपाई निराळी. एक पैदेखील कमी दिली नाही. त्यांना आत बोलावून शेठनी सांगितले, तेव्हा मी बँकेत गेलो होतो. बँकेत काही काम नव्हते.

रात्री नानांकडे गेलो. ते सत्तर वर्षांचे होते, पाय बाजेवर उंच ठेवून पडले होते. बातमी माझ्याआधी पोचली होती.

"दामूला कुणी सांगितलं? तू की शेठनी?"

"शेठनी."

बराच वेळ ते बोलले नाहीत. मी घाईघाईने शंभरातले नऊ रुपये, भाडे, संप, अंधेरीचे दुकान, सारे समजावून सांगितले. पाच गेले नसते तर एकोणीसही राहिले नसते, हेही सांगितले. नानांनी शांतपणे ऐकून घेतले.

"आकडा बरोबर असेल रे," ते म्हणाले. "आमच्यापेक्षा तुला जास्त कळतं. पण तो वाचून दाखवताना तू त्याच्यासमोर उभं राहायला हवं होतंस."

ह्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही.

दुकान टिकले. चौदा संसार त्यावर चालले, माझाही. विक्री वाढली. पण पुष्कळ बायका यायच्या, टांगलेल्या कपड्यांतून हात फिरवायच्या आणि "दामू कुठायत?" म्हणून विचारायच्या. तो प्रश्न कोणत्या रकान्यात लिहावा, ते मला कधी समजले नाही. दामूकाका वर्षभर स्टेशनबाहेरच्या पदपथावर टॉवेल-रुमाल घेऊन उभे राहत. मी दर दिवाळीला बारा रुमाल घेई. ते भाव कमी लावीत, मी जास्त देई, ते जास्तीचे परत करीत. त्यांनी मला एका शब्दाने विचारले नाही. विचारले असते तर बरे झाले असते.

हे सारे मनात चालले होते आणि हाताने मी त्या फलाटासारख्या दुकानात सदरे उलगडून टाकीत होतो. शेवटी एक आवडला. किंमत पाचशे नव्याण्णव. नात पैसे भरायच्या यंत्राकडे गेली. तिथेही माणूस नव्हते. खोक्यात कपडा टाकला की यंत्र आपोआप आकडा दाखवीत होते. मी टेबलापाशीच थांबलो, तेवढ्यात विशीतली एक मुलगी आली आणि मी विस्कटलेला ढीग भराभर आवरू लागली. मला ओशाळल्यासारखे झाले.

"कुठून येतेस बाळ?"

"बदलापूर." नाना नायगावाहून चालत येत.

पगार विचारू नये, पण म्हाताऱ्याला चालते. तिने हसत सांगितले, पंधरा हजार. माझ्या मनात हिशेब होऊनही गेला. दिवसाचे पावणेसहाशेच्या वर, म्हणजे तो सदरा तिच्या एका दिवसाचा. नानांना अडीच दिवस लागत. तेव्हा सारेच बिघडले असे म्हणणेही खोटे. सदरा स्वस्त झाला हे खरे, आणि तो स्वस्त होताना कोणाकोणाच्या वहीतून गेला, हेही खरे.

"आणि बसायला कुठे देतात का?"

तिने छताकडे पाहिले. तिथे एक काळा काचेचा डोळा होता. "बसलं की खाली पडलेलं उचलतोय असं दाखवायचं," ती हळूच म्हणाली.

केरळात कोझिकोडच्या कापडदुकानांतल्या बायकांनी ह्या एका गोष्टीसाठी वर्षानुवर्षे चळवळ केली आणि २०१८ साली तिथे दुकानांत बसण्याचा हक्क कायद्यात आला. २०२१ साली तामिळनाडूनेही तो दिला. एका स्टुलाला एवढी वर्षे लागली! काउंटरमागे ते ठेवायची आठवण आमच्या शेठना झाली नव्हती, आणि दर महिन्याला खर्च लिहिणाऱ्या मलाही झाली नव्हती.

मी काही बोललो नाही. एक सदरा उचलला, कॉलर हनुवटीखाली धरून बाह्या मागे घेतल्या, तळहाताने छाती सपाट केली आणि नानांच्या पद्धतीने त्याची घडी घातली. मग दुसरा घेतला. ती मुलगी थांबून पाहत राहिली.

"काय छान घडी घालता आजोबा! तुम्ही दुकानात होतात का?"

"माझे वडील होते," मी म्हणालो. "मी नुसता हिशेब लिहायचो."

नात परत येईपर्यंत आम्ही दोघांनी तो ढीग उभ्याउभ्याच संपवला.